हिंदळेकर बाईंची हजेरी

हिंदळेकर बाई शिट्टी मारतात. तोंडाने नाही, गळ्यात दोरीला अडकवलेली पीटीची शिट्टी असते ना, ती. आता शिक्षिका शाळेत शिट्टी मारेल तर कोण काय बोलणार, पण आमच्या बाई लालबागच्या मार्केटात मारतात. मच्छीवालीसमोर गर्दी झाली की मागून फुर्र येते, आणि पापलेटचा भाव करणाऱ्या बायका आपोआप उंचीप्रमाणे लाइनीत उभ्या राहतात. मी बुटकी, म्हणून माझा नंबर कायम पहिला. पण मला मच्छीवालीशी बोलायची भीती वाटते, म्हणून पहिला नंबर लागून पण मला शिळीच सुरमई मिळते.

मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. नववीतून शाळा सुटली, मग लग्न, मग गावावरून एकदम करी रोडला चाळीत. लिफ्टची वाटते, बँकेतल्या मशीनची वाटते, डॉक्टरने "काय होतंय" विचारलं तर जे होतंय ते पण बंद होतं. आणि सगळ्यात जास्त वाटते ती नाक्याची. पुलाखाली चार बाजूंनी गाड्या येतात आणि पाचव्या बाजूने बाइकवाले. माझी स्वरा पहिलीत आहे. तिची महापालिकेची मराठी शाळा आमच्याच गल्लीत, नाका ओलांडावा लागत नाही. लोक विचारतात, काय गं, इंग्लिश मिडियमला नाही घातलीस, मी सांगते, मातृभाषा वगैरे. खरं कारण नाका.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका हिंदळेकर बाई. म्हणजे प्रभारी. आधीचे मुख्याध्यापक रिटायर झाले तेव्हा ऑफिसने बाईंना सांगितलं, नवीन येईपर्यंत तुम्ही बघा. नवीन कोणी आलंच नाही, बाई बघतायत. पहिलीचा एकच वर्ग उरलाय, तो पण बाईच घेतात, खिचडी आली की चाखून पण बाईच बघतात, वरून नळ गळला तर प्लंबरला फोन पण त्यांचाच. पण मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बाई कधी बसल्या नाहीत. बाजूला स्टूल घेऊन बसतात. खुर्ची रोज सकाळी नॅपकिनने पुसतात, तिच्यावर कोणी पिशवी ठेवली तर शिट्टी. मी एकदा घाबरत घाबरत विचारलं, बाई, बसा ना, पाठ दुखत असेल. तर म्हणाल्या, "ऑर्डर आलेली नाही."

बाईंना नावाने हाक मारली तर त्या "ओ" देत नाहीत, "हजर" म्हणतात. फोन उचलला तरी "हजर". कर्ज पाहिजे का मॅडम विचारणाऱ्या मुली पण बाईंच्या "हजर"ने गडबडतात, एक तर "सॉरी टीचर" बोलून फोन ठेवून गेली. आणि जिथे चार माणसं जमली तिथे बाई हजेरी घेतात. आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहतात, एकट्याच. सकाळी कॉमन नळाला पाणी आलं की बादली हातात घेऊनच सुरू, "गुरव आबा?" "हजर." "सावंत काका?" "हजर, पण दाढ दुखतेय." कोणाच्या खोलीतून उत्तर आलं नाही तर बाई दरवाजा वाजवतात. नवीन सुनांना पहिल्या आठवड्यात वाटतं, ही बाई येडी आहे. दुसऱ्या आठवड्यात त्या पण हजर म्हणायला लागतात. मी तर आंघोळीला असले तरी आतून ओरडायचे.

हे सगळं चाललं होतं ते एकदम बरं होतं. मग ऑफिसने बाईंना ट्रेनिंगला पाठवलं.

ट्रेनिंग होतं नेतृत्वाचं. शिक्षकांनी शाळेत आणि समाजात नेतृत्व करायचं, असं काहीतरी. एक एसी हॉल, एक सूट घातलेला माणूस, दुपारी पनीर. बाई परत आल्या ते खांद्याला नवी पिशवी, छातीवर "मी नेता" लिहिलेला बिल्ला. सूटवाल्याने सांगितलं होतं, खरा नेता तोच जो नेतृत्व वाटून देतो. बाईंना कोणी काही वाटायला सांगितलं की त्या गोवराची लस वाटावी तशा वाटतात, कोणालाच सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात चप्पलप्रमुख झाला, खिडकीप्रमुख झाला, पाणीप्रमुख झाली. एका मुलाला बाराही महिने सर्दी, तो शेंबूडप्रमुख. माझी स्वरा डबाप्रमुख. शाळेचे शिपाई तावडे मामा, ते स्वागतप्रमुख. शेवटी एक मुलगा रडायला लागला, "बाई, मी कोणाला सांगू, सगळेच प्रमुख." बाईंनी विचार केला आणि त्याला जनताप्रमुख केला. तो तेव्हापासून खूश आहे, त्याला काहीच काम नाही.

मुलं संपली, मग बाई आयांकडे वळल्या. शाळेत पालकांची एक समिती असते आणि तिचा अध्यक्ष पालकच लागतो, तसा नियमच आहे. मीटिंगला आम्ही आया भिंतीला टेकून बसलो होतो. बाईंनी विचारलं, कोणाला नेतृत्व करायचंय. सगळ्या खाली बघायला लागल्या. मी तर इतकं खाली बघितलं की मानच भरून आली, आणि ती सोडवायला म्हणून जरा वर केली, तर बाईंची नजर.

"प्रणाली गुरव. तुम्ही अध्यक्ष."

"बाई, मी नववी..."

"पहिलीची शाळा आहे. नववी पुष्कळ झाली."

"बाई, मला भीती वाटते."

"वाटू दे की. ती आपल्या जागेवर बसेल, तुम्ही उभ्या राहा."

हे बाईंचं ठरलेलं वाक्य. ज्याला त्याला सांगतात. माझा नवरा रात्री पोट धरून हसला. म्हणाला, अध्यक्ष, जेवायला वाढा. माझ्या बाजूला बसणारी आम्रपाली, समोरच्या चाळीतली, तिचा आयुष स्वराच्या वर्गात आहे, ती म्हणाली, "बरं झालं तू झालीस. मी झाले असते तर पहिल्या दिवशी भांडण केलं असतं." तेव्हापासून बाई मला नावाने हाक मारत नाहीत. नळावर सगळ्यांसमोर, "अध्यक्ष, बादली भरली, सरका."

मग फेब्रुवारीत ते लफडं झालं. कोणीतरी वर ऑफिसला कळवलं की आमच्या शाळेत नुसती नावं आहेत, मुलं नाहीत. नावंच ठेवून शाळा चालवतात. वरून बाईंना फोन आला. बाई म्हणाल्या, "हजर." पलीकडून साहेब म्हणाले, मी येऊन स्वतः मुंडकी मोजणार. मुलं कमी भरली तर शाळा बंद आणि सगळ्यांना नाक्यापलीकडच्या शाळेत घालणार. तुम्हाला कुठला दिवस बरा पडेल. बाईंनी परीक्षेचं टाइमटेबल बघितलं, सहलीची तारीख बघितली, आणि एक दिवस देऊन टाकला.

मीटिंगमध्ये बाईंनी तो दिवस फळ्यावर लिहिला, तशा सगळ्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. होळीच्या नंतरचा तिसरा दिवस. बाई म्हणाल्या, "काही शंका?" शिट्टीसमोर कोण बोलणार. बाहेर आल्यावर सगळ्यांनी मला भिंतीला दाबली. "अध्यक्ष ना तू, जा, सांग तिला."

कारण त्या दिवशी शिमगा. आमच्याकडे होळी पेटली म्हणजे शिमगा संपत नाही, सुरू होतो. ग्रामदेवतेची पालखी घराघरात येते, तेव्हा घर उघडं पाहिजे, सुनेने ओटी भरली पाहिजे, पोरांनी पालखीखालून गेलं पाहिजे. आमच्या चाळींत अर्ध्याहून जास्त घरं कोकणातली, त्या आठवड्यात गॅलरीत नुसती कबुतरं असतात. लोक नोकरी सोडतील पण पालखी नाही सोडणार. साहेब घाटावरचे, त्यांना माहीत नसेल. पण हिंदळेकर बाईंना माहीत नाही, हे कसं काय, मला कळेना.

मी गेले. बाई स्टुलावर बसून खडू मोजत होत्या.

"बाई, त्या दिवशी शिमगा आहे."

"मग? होळीची एक सुट्टी. ती होऊन जातेय आधीच."

"नाही बाई, पालखी. सगळे गावाला असतात. आम्ही पण. स्वराचं, यांचं, सासऱ्यांचं रिझर्वेशन झालंय."

बाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. म्हणाल्या, "अजून पालखीला जातात सगळे?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे नाही का येत पालखी? हिंदळेकर म्हणजे तिकडच्याच ना?"

"आडनावापुरती. आई-वडील गेले, भावाने घर विकलं. आता गाव आडनावातच राहिलंय." आणि लगेच शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही, नुसती धरली. मग काढून म्हणाल्या, "दरवर्षी त्या आठवड्यात कोणी हजर म्हणत नाही, मी होळीची दांडीच धरायचे. विसरलेच मी शिमगा. किती वर्षं कोणी आठवण पण केली नाही."

मी म्हटलं, तारीख बदलून घ्या. तर म्हणाल्या, ते जमणार नाही, बदलली तर साहेब म्हणतील, भाड्याची मुलं गोळा करायला वेळ मागताय. ते पण खरंच होतं. मला डोळ्यांसमोर नाका दिसायला लागला, आणि त्या पाचव्या बाजूच्या बाइकवाल्यांत स्वराची लाल वॉटरबॅग.

आम्रपालीनेच सोडवलं. म्हणाली, "आमच्यात नाही गं शिमगा. चौदा एप्रिलला ये म्हणावं साहेबाला, गल्लीत मावणार नाहीत पोरं. पण तुम्ही एवढं डोकं कशाला फोडताय? लॉकडाऊनला काय केलं होतं? फोनवर घ्या ना हजेरी."

बाई माझ्याकडे वळल्या. "अध्यक्ष, करा नेतृत्व."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही करा ना."

"मी प्रभारी आहे."

मग मी गावाला गेलेच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. नवरा स्वराला आणि आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन गेला. आबा जाताना म्हणाले, "शाळेसाठी रवतस मगे रव. देवाक मी सांगतंय." मी चाळीत एकटी, आणि शेवटच्या खोलीत बाई. सकाळी नळावर बाईंनी हजेरी घेतली. "अध्यक्ष?" "हजर." पुढे कोणाचं नाव घ्यायचं, माणसंच नव्हती. तर बाई गावाला गेलेल्यांची पण नावं घेत गेल्या, आणि प्रत्येकाच्या नंतर थोडं थांबल्या.

साहेब आले ते घामाघूम होऊन, टॅक्सीने. तावडे मामा गावाला, त्यामुळे दारात स्वागत करायला स्वागतप्रमुखच नव्हता. मी उभी राहिले. साहेबांनी मलाच शिपाई समजून हातात बॅग दिली, मी घेतली पण.

वर्गात पुढची दोन बाकं भरली होती. आयुष, इस्त्रीवाल्यांची मुलं, जनताप्रमुख. मागे सगळं रिकामं. साहेबांनी त्या बाकांकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"हे काय हिंदळेकर मॅडम?"

"मुलं आहेत साहेब. अध्यक्ष हजेरी घेतील," बाई म्हणाल्या आणि मला हळूच ढकललं.

मी आम्रपालीचा मोठा फोन फळ्याला टेकवला. ग्रुपवर व्हिडिओ लावला. पहिला कॉल चुकून आम्रपालीच्या काकूला लागला. ती केस विंचरत होती, तिला कट केली. मग एकेक पोर उगवायला लागलं.

एक काजूच्या झाडावर, रेंज तिथेच येते म्हणून. त्याचा बाप खाली उभा राहून पाय धरतोय. "चप्पलप्रमुख हजर." पायात चप्पल नाही. एक मुलगी आजीच्या मांडीवर, "पाणीप्रमुख हजर, बाई, इथे विहीर आहे." एकाच्या मागे ढोल एवढा जोरात की नुसते ओठ हलताना दिसले, नाकावरून बाईंनी ओळखलं, "शेंबूडप्रमुख, हजर लिहा." त्याने आनंदाने बाहीला नाक पुसलं.

साहेब म्हणाले, "हे प्रमुख काय प्रकरण आहे?"

बाई म्हणाल्या, "आपल्याच ट्रेनिंगमधलं आहे साहेब. नेतृत्व वाटून दिलंय." साहेबांनी खाली बघितलं, त्यांच्या पण छातीवर तोच बिल्ला होता.

शेवटी स्वरा. आमच्या अंगणात, मागे आबा, झेंडूची माळ, पाट मांडलेला. "डबाप्रमुख हजर." मग ती फोनला नाक लावून म्हणाली, "बाई, तुम्ही नाही गेलात गावाला? तुमच्या घरी कधी येणार पालखी?"

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे नाही येत बाळा. घर नाही ना तिथे."

"मग देवी कुठे जाते?"

"पुढच्या घरी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वही उघडली. म्हणाले, सगळं छान आहे, पण फोनवरची मुलं धरायची असा नियम कुठे नाही. मला जागेवर जी दिसतील तीच मोजावी लागतील. आणि लिहायला लागले.

मला साहेब दिसेनात, नाका दिसत होता. आणि काय झालं माहीत नाही, मी विचारून टाकलं, "साहेब, तुम्ही टॅक्सीने का आलात?"

"म्हणजे?"

"तुमची ऑफिसची गाडी असते ना. आज टॅक्सी का?"

"ड्रायव्हर गावाला गेलाय," साहेब म्हणाले. "शिमग्याला."

"मग तो आज दिसला नाही म्हणून त्याला पण बंद करणार का?"

हे मीच बोलले. आवाज माझाच होता. आम्रपाली तोंडाला पदर लावून खिदळली. भीती तिच्या जागेवर बसलेली होती चांगली, पण मी उभी होते. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ समोर बघत उभ्या, फक्त शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत सोडत, गुंडाळत सोडत.

साहेबांनी त्या रिकाम्या बाकांकडे बघितलं, फोनकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "पाडव्यानंतर परत येतो. तेव्हा ही सगळी मुंडकी मला बाकावर पाहिजेत. न सांगता येईन."

"या," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

साहेबांना बसायला खुर्ची पाहिजे होती, बाईंनी आत नेऊन ती मुख्याध्यापकांची दाखवली आणि म्हणाल्या, "तेवढी सोडून कुठेही बसा." साहेब मग वर्गातच आले आणि पहिलीच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लावून. आम्रपाली चहा आणायला गेली. मी फोन बंद करायला वळले, तर आबांचा कॉल तसाच चालू. म्हाताऱ्याला कॉल बंद करता येत नाही.

"गो सुनबाई, ह्या बंद खंयसून करतत?" आबा फोनला डोळा लावून विचारत होते, आणि तेवढ्यात ढोल जवळ आला, आबांनी फोन तसाच तुळशीवर ठेवला आणि धावले. आमच्या दारात पालखी आली होती.

मी डोक्यावर पदर घेतला. फोनमध्ये पालखी तिरकी दिसत होती, अर्धं आकाश, अर्धी माणसं. ढोल थांबले. आबा आमच्या वाडीतले मोठे, गाऱ्हाणं तेच घालतात. म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला मागणं, आणि बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुका नाचवतत, ती सेवा गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जे मुंबैक रवले, येवक नाय पावले, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमची सून थंय शाळेसाठी रवली हा. भित्री आसा. तिच्या काळजाक बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्या वाडीने होकार भरला, साहेबांच्या समोर. मला धरणी जागा देईना.

आबा थांबले. वाटलं संपलं. मग परत आवाज आला, जरा हळू.

"आणि ती जी शाळेची बाई आसा, आमच्या पोरांका हाताक धरून शिकयता, जिच्या दारार पालखी जाणा नाय, ती आजपासून ह्या वाडीतली. ह्या घर तिचा. तिका तुझ्या लेकरांत मोज रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," एवढा मोठा आवाज आला की फोन तुळशीवरून घसरला आणि नुसतं आभाळ दिसायला लागलं.

मी वळून बघितलं. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी मुठीत धरली होती, आणि डोक्यावर पदर घेतला होता, नवीन सून घेते तसा. साहेब चहाची वाट बघत बाकावर बसलेले, त्यांना काही कळलं नाही.

बाई त्या फोनमधल्या आभाळाकडे बघत होत्या. एकदम हळू, पहिलीतल्या पोरीसारख्या म्हणाल्या, "हजर."